इस्ट्रोजेन आणि वृषणातील टेस्टोस्टेरॉन : ‘थेट परिणाम’ या शब्दामागचा इतिहास

इस्ट्रोजेन दिल्यावर पुरुषाच्या रक्तातील टेस्टोस्टेरॉन घटते, याबद्दल दुमत नाही. १९४१ पासून प्रोस्टेटच्या कर्करोगावर इस्ट्रोजेनसदृश औषधे दिली जाऊ लागली ती त्याच हेतूने. वाद आहे तो घट नेमकी कुठे घडते याचा. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी एलएच (वृषणांना टेस्टोस्टेरॉन बनवायला लावणारे संप्रेरक) सोडायचे थांबते म्हणून वृषण मंदावतात, की इस्ट्रोजेन वृषणातील टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या लायडिग पेशींनाच अडवते?

१९७०च्या दशकात या प्रश्नासाठी इस्ट्रोजेन घेतलेल्या रुग्णांचे, शस्त्रक्रियेत काढलेले वृषण तपासले गेले. ऊतीचे बारीक तुकडे पोषक द्रवात ठेवायचे, किरणोत्सारी खूण केलेले पूर्वद्रव्य (ज्यापासून टेस्टोस्टेरॉन बनते ते) त्यात मिसळायचे आणि काही तासांनी त्यातले किती टेस्टोस्टेरॉनपर्यंत पोचले ते मोजायचे. हे प्रमाण कमी भरल्यावर ‘थेट परिणाम’ हा शब्द रुळला, आणि माझ्या मते पुढच्या गोंधळाचे मूळ तिथेच आहे. दीर्घकाळ एलएच न मिळालेल्या लायडिग पेशी आक्रसतात, त्यांतील विकरेही घटतात. त्यामुळे अशा ऊतीत दिसलेली मंदी इस्ट्रोजेनची की एलएचच्या अभावाची, हे त्या मोजमापावरून ठरतच नाही. उपचार न झालेल्या ऊतीवर इस्ट्रोजेन घालून केलेले प्रयोग वेगळे. पण त्यांतली मात्रा अनेकदा शरीरातील पातळीच्या कितीतरी पुढची असे. दोन्हींना एकच नाव मिळाले.

थेट परिणामाच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा एचसीजीच्या (एलएचसारखेच काम करणाऱ्या संप्रेरकाच्या) इंजेक्शनातून आला. एका मोठ्या मात्रेनंतर इस्ट्रॅडिओल (शरीरातील मुख्य इस्ट्रोजेन) साधारण पहिल्या दिवशी शिगेला पोचते, १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन (टेस्टोस्टेरॉन बनण्याच्या वाटेवरचा आधीचा टप्पा) साचते आणि टेस्टोस्टेरॉनची मुख्य वाढ दोन-तीन दिवसांनी दिसते. इस्ट्रोजेनची क्रिया रोखणारे टॅमॉक्सिफेन दिल्यावर हे साचणे कमी झाले, म्हणजे अडथळा इस्ट्रोजेनचाच असावा. मात्र ही एका मोठ्या धक्क्यानंतरची स्थिती आहे, रोजची नव्हे.

१९९४ मध्ये इस्ट्रोजेन-ग्राही (इस्ट्रोजेनचा संदेश पेशीत पोचवणारे प्रथिन) निकामी असलेल्या एका पुरुषाची नोंद प्रसिद्ध झाली : एलएच वाढलेले, टेस्टोस्टेरॉन नेहमीच्या मर्यादेत. इस्ट्रोजेनचा लगाम सुटल्याचा परिणाम एलएचवर दिसला, टेस्टोस्टेरॉनवर नाही; पारडे पीयूषिकेकडे झुकले. तरी १९९६ मध्ये दुसरा ग्राही, बीटा, सापडल्याने वृषणातील मार्गाची शक्यता संपली नाही.

अलीकडे अशी ऊती मुख्यतः ट्रान्स स्त्रियांच्या शस्त्रक्रियांतून मिळते. त्यांपैकी अनेकींनी इस्ट्रोजेनसोबत सायप्रोटेरॉन हे टेस्टोस्टेरॉनविरोधी औषधही घेतलेले असते, आणि तेही एलएच दाबते. शिवाय शस्त्रक्रियेआधी काही आठवडे औषधे थांबवण्याची पद्धत अनेक ठिकाणी राहिली आहे. तेवढ्या अवधीत एलएच पुन्हा वर येऊ लागते, आणि तपासणीच्या टेबलावर येणारी ऊती उपचाराखालची उरत नाही.