‘ही घोषणा प्रोफाइलवर टाका, चित्रं सुरक्षित राहतील’: खरं काय?

परभणी-लातूरपासून संभाजीनगरपर्यंत चित्रकारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतो: रोम कराराचा हवाला देऊन घोषणा टाका, मग सोशल मीडिया कंपनीला तुमची चित्रं वापरता येणार नाहीत. टॅबवर रात्र रात्र बसून काढलेल्या पैठणीच्या मोराची काळजी वाटणारच. पण ही घोषणा त्याला वाचवत नाही.

1998चा रोम करार नरसंहार, युद्धगुन्हे यांविषयी आहे. चित्रांशी त्याचा संबंध नाही. भारतानं त्यावर सहीही केलेली नाही. स्वतःच्या चित्रावरचा हक्क देतो तो आपला 1957चा कॉपीराइट कायदा. चित्र काढलं की हक्क आला, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. चित्रकाराच्या मृत्यूनंतरही तो 60 वर्षं टिकतो.

मग कंपनी चित्र वापरते कशी? खातं उघडताना ‘मान्य आहे’ दाबून आपणच तिला परवानगी देतो. बटईनं दिलेल्या शेताचा करार बांधावर पाटी लावून मोडत नाही, तसंच हे.

पडताळायचं तर अटींच्या पानावर ‘लायसन्स’ हा शब्द शोधा. त्या परिच्छेदात कंपनीला काय काय करता येतं ते लिहिलेलं असतं. मग सेटिंगमध्ये एआय प्रशिक्षणाला, म्हणजे आपली चित्रं वापरून एआयला शिकवण्याला, नकार देण्याची सोय आहे का, तेही बघा. काही ठिकाणी ती सोय आली किंवा सुधारली, ती चित्रकारांनी एकजुटीनं थेट कंपनीकडे हरकती नोंदवल्यामुळे. फॉरवर्डला लागणारा वेळ मी तिथं देईन.