बीएसडब्ल्यू-एमएसडब्ल्यूला प्रवेश घ्यायचाय? आधी आजोबांची शाळा गाठा

मागच्या जूनमध्ये पारोळा तालुक्यातले एक बाबा मुलीला घेऊन माझ्याकडे आले. बाजाराच्या थैलीत बारावीची गुणपत्रिका, आधार, रेशन कार्डाची झेरॉक्स, सगळं एकत्र दुमडलेलं. थैली टेबलावर ठेवून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो कागदांचा नव्हताच. "हाई शिकीसन पोर काय व्हई, भाऊ?"

प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी त्याचंच उत्तर. बीएसडब्ल्यू ही समाजकार्याची पदवी आणि एमएसडब्ल्यू ही त्याच विषयातली पदव्युत्तर पदवी. समाजकार्याची पदवी म्हणजे समाजसेवेची आवड असल्याचं प्रशस्तिपत्र नव्हे. तो व्यवसाय आहे आणि त्याला ठरलेली पदं आहेत. शासकीय रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात. एचआयव्ही तपासणी केंद्रात समुपदेशक असतात. जिल्हा बाल संरक्षण कक्ष, निरीक्षणगृह, कौटुंबिक न्यायालय, कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचे संरक्षण अधिकारी, कंपन्यांचे कामगार कल्याण आणि सीएसआर (सामाजिक जबाबदारी) विभाग, सातपुड्यात काम करणाऱ्या संस्था, या सगळीकडे ही पदवी चालते. बऱ्याच ठिकाणी तीच मागतात. यातल्या पुष्कळ जागा कंत्राटी आहेत, हेही घरच्यांना आधीच सांगून टाका. कायम जागेसाठी स्पर्धा परीक्षा द्याव्या लागतात. मनोरुग्णालयात मनोविकार समाजकार्यकर्ता व्हायचं असेल तर २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे एमएसडब्ल्यूनंतर त्याच विषयात दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. लागतं. ज्याला त्या वाटेने जायचंय त्याने हा हिशेब पहिल्याच वर्षी धरावा.

कोणाला प्रवेश मिळतो

बीएसडब्ल्यूला बारावी पास लागते. कला, वाणिज्य, विज्ञान, कोणतीही शाखा चालते. पदवी तीन वर्षांची, सहा सत्रांची. नव्या शैक्षणिक धोरणानुसार जिथे सोय आहे तिथे चौथं वर्ष करून ऑनर्स घेता येतं. एमएसडब्ल्यू दोन वर्षांचं, आणि त्याला कोणत्याही विद्याशाखेची पदवी चालते. आधी बीएसडब्ल्यूच केलेलं असलं पाहिजे हा गैरसमज आहे. बीए मराठी, बीकॉम, बीएस्सी कृषी झालेली मुलं एमएसडब्ल्यूला येतात आणि चांगलं काम करतात. किमान टक्केवारी आणि राखीव प्रवर्गाची सवलत त्या-त्या वर्षीच्या प्रवेश सूचनेत छापलेली असते. काही ठिकाणी एमएसडब्ल्यूला प्रवेश परीक्षाही असते. सूचना स्वतः वाचा, मित्राच्या मोबाइलवरच्या फॉरवर्डवर जाऊ नका.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेत येतात. जळगाव शहर, अमळनेर, चोपडा, धुळ्याजवळचं मोराणे आणि तळोदा इथे समाजकार्याची महाविद्यालयं आहेत. राज्यातली अनुदानित समाजकार्य महाविद्यालयं उच्च शिक्षण विभागाकडे नसून सामाजिक न्याय विभागाकडे आहेत. फॉर्म भरण्याआधी कार्यालयात सरळ विचारा: हा अभ्यासक्रम अनुदानित आहे की विनाअनुदानित? एकाच आवारात दोन्ही प्रकार असू शकतात आणि फीमध्ये मोठा फरक पडतो.

मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत जायचं स्वप्न असेल तर घाई वेगळीच. ही देशातली समाजकार्य शिकवणारी सर्वांत जुनी संस्था, १९३६ची. तुळजापूरलाही तिचं संकुल आहे. २०२४पासून तिथले पदव्युत्तर प्रवेश सीयूईटी-पीजी या राष्ट्रीय परीक्षेतून होतात. तिचे अर्ज हिवाळ्यातच निघतात आणि परीक्षा साधारण मार्चमध्ये असते. पदवीच्या निकालाची वाट पाहत बसलात तर ते वर्ष गेलं. शेवटच्या वर्षात असतानाच अर्ज करायचा असतो.

कागद: जुना आधी, नवा नंतर

बहुतेक पालक उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी फोटो काढतात, मग आधार अपडेट, मग उत्पन्नाचा दाखला, आणि जात पडताळणीचं नाव कोणी काढलं की घाम फुटतो. मी सगळ्यांना एकच सांगतो: ज्या कागदाला सर्वांत जास्त वेळ लागतो तो अकरावीत असतानाच धरा. तो कागद म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र.

जातीचा दाखला प्रांत कार्यालयातून म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडून मिळतो. वैधता ही त्यापुढची पायरी. अनुसूचित जाती, विमुक्त-भटके आणि ओबीसी यांच्यासाठी जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती असते. अनुसूचित जमातींसाठी आदिवासी विकास विभागाची समिती वेगळी. समितीला तुमची आजची जात सिद्ध करून नको असते. तुमचं कुटुंब ठरलेल्या तारखेच्या आधीपासून त्याच जातीचं म्हणून नोंदलं गेलं होतं का, हे तिला पाहायचं असतं. त्या तारखा पाठ करून ठेवा. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखांच्या आधीचा पुरावा वडिलांकडून चालत आलेल्या वंशावळीतला हवा. आईकडचा चालत नाही. लग्न झालेल्या मुलीलाही माहेरचेच कागद लागतात, सासरचे नाहीत.

तो पुरावा मिळतो कुठे? आजोबा किंवा पणजोबा ज्या जिल्हा परिषद शाळेत एखादी इयत्ता शिकले, तिच्या जनरल रजिस्टरमध्ये. मुख्याध्यापकांकडून प्रवेश-निर्गम उतारा मागायचा. आजोबा शाळेची पायरी चढलेच नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे कोतवालाने लिहिलेली जन्म-मृत्यूची नोंदवही, शोधायची. जुन्या नोंदी कधी मोडी लिपीत असतात. मग मोडी जाणणाऱ्याकडून लिप्यंतर करून घ्यावं लागतं. वडील, सख्खे काका, आत्या, चुलत भाऊ यांपैकी कोणाची वैधता झालेली असेल तर ती जोडा. काम बरंच हलकं होतं.

त्या पारोळ्याच्या मुलीचं इथेच अडलं. वडील ऊसतोडीला जायचे, त्यामुळे तिच्या तीन शाळा झाल्या. एका दाखल्यावर जात 'भिल', दुसऱ्यावर 'भिल्ल', आणि तिसऱ्यावर जातीच्या रकान्यात नुसतं 'हिंदू'. अशी दुरुस्ती विद्यार्थी शाळेत असताना मुख्याध्यापकांमार्फत सोपी जाते. शाळा सोडल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांकडे जावं लागतं. आम्ही तिघं तिच्या पणजोबांच्या गावच्या शाळेत गेलो. मुख्याध्यापिका बाईंनी कपाटातून काढलेल्या रजिस्टरची पानं कडेला तपकिरी होऊन तुटायला आली होती. १९४०च्या दशकातली एक ओळ, निळसर शाई, नावापुढे 'भिल्ल', आणि शाळा सोडण्याचं कारण: 'मजुरी'. मुलीने तो शब्द दोनदा वाचला. बाबा खिडकीजवळ उभे होते, त्यांना वाचता येत नव्हतं. तिने त्यांना तो वाचून दाखवला.

पारंपरिक पदवीच्या प्रवेशाला वैधता प्रत्येक ठिकाणी पहिल्या दिवशी मागतातच असं नाही. कधी अर्ज दाखल केल्याची पावती चालते. पण राखीव जागेवर नोकरी लागली की ती लागणारच, आणि तेव्हा धावपळ करण्यापेक्षा विद्यार्थी असताना महाविद्यालयाच्या पत्रावर अर्ज करणं सोपं. ज्या दिवशी प्रवेश पक्का होईल त्याच आठवड्यात कार्यालयातून ते पत्र घ्या.

बाकीचे दाखले आपले सरकार पोर्टलवर किंवा गावच्या सेवा केंद्रातून काढता येतात. उत्पन्नाचा दाखला तहसीलदार देतात. त्यासाठी रेशन कार्ड, आधार, तलाठ्याचा अहवाल, शेती असेल तर सातबारा आणि आठ-अ, नोकरी असेल तर फॉर्म १६ लागतो. दाखला एक किंवा तीन वर्षांचा मिळतो आणि त्याची मुदत ३१ मार्चला संपते. फेब्रुवारीत काढलेला एक वर्षाचा दाखला जूनमध्ये कामाला येत नाही, ही चूक मी दरवर्षी पाहतो. एप्रिल उजाडला की काढा. नॉन-क्रिमिलेयर, म्हणजे उन्नत गटात मोडत नसल्याचं प्रमाणपत्र, ओबीसी, विमुक्त-भटके, विशेष मागास आणि एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) यांना लागतं. अनुसूचित जाती-जमातींना लागत नाही, कोणी मागितलं तर तसं सांगा. नॉन-क्रिमिलेयरची मर्यादा ८ लाख आहे, पण त्यात आईवडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. "आम्ही बसत नाही" म्हणून घरीच बसलेले कितीतरी शिक्षक आणि केळीवाले शेतकरी मला भेटलेत, ज्यांची मुलं नियमात बसत होती. वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवासाचा दाखला १५ वर्षांच्या राज्यातल्या वास्तव्यावर मिळतो.

या दाखल्यांच्या अर्जासाठी लागणाऱ्या प्रतिज्ञापत्रावरचं मुद्रांक शुल्क माफ आहे. साध्या कागदावर चालतं. बाहेरच्या टपरीवर कोणी स्टॅम्पपेपर गळ्यात मारत असेल तर घेऊ नका.

याशिवाय शाळा किंवा महाविद्यालय सोडल्याचा मूळ दाखला, दहावी-बारावीच्या किंवा पदवीच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका आणि आधार लागतं. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र जोडा. दुसऱ्या विद्यापीठातून किंवा मंडळातून येणाऱ्यांना मायग्रेशन आणि पात्रता अर्ज लागतो. लग्नानंतर नाव बदललेल्या ताईंनी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत जोडावी. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा, म्हणजे तुमचे श्रेयांक जमा राहतात त्या ऑनलाइन खात्याचा आयडी मोबाइलवर दहा मिनिटांत निघतो. मूळ कागद देताना त्याचे स्कॅन स्वतःकडे ठेवा आणि पोच घ्या.

शिष्यवृत्ती

महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करायचा. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी अनुसूचित जाती आणि जमातींना कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा २.५ लाख आहे. खुल्या गटातल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना आहे, तिची मर्यादा ८ लाख. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना स्वाधार आणि आदिवासी विद्यार्थ्यांना पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम योजनेतून राहण्या-जेवणाचे पैसे मिळू शकतात. त्यासाठी आधी वसतिगृहाचा अर्ज केलेला हवा. आदिवासी विकासाची प्रकल्प कार्यालयं आपल्याकडे नंदुरबार, तळोदा, धुळे आणि यावल इथे आहेत. चोपडा, रावेर, यावलकडच्या तडवी आणि पावरा मुलांनी यावल गाठायचं.

माझ्या एमएसडब्ल्यूच्या पहिल्या वर्षी शिष्यवृत्ती मंजूर होऊनही आली नाही. बँक खातं होतं, आधार दिलं होतं, तरी खातं आधारशी 'सीड' झालेलं नव्हतं आणि शाखेत कोणी तसं सांगितलं नाही. वर्षभर घरून जेवणाचा डबा आणून दिवस काढले. म्हणून अर्ज भरण्याआधीच शाखेत जाऊन विचारा: डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, आधार याच खात्याला जोडलंय का? अर्ज पाठवल्यावर तो आधी महाविद्यालयातल्या लिपिकाकडे आणि मग विभागाकडे जातो. कुठूनही परत आला तर मेसेज येतो, तो बघत राहा. आणि अर्ज दरवर्षी नव्याने करायचा असतो.

फील्डवर्क

सगळ्यात कमी विचारली जाणारी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. या पदवीत क्षेत्रकार्य, म्हणजे फील्डवर्क, तोंडी लावायला नाही. साधारणपणे आठवड्यातले दोन दिवस तुम्ही वर्गात नसता. रुग्णालयात, वस्तीवर, शाळेत, ग्रामपंचायतीत किंवा संस्थेत असता. प्रत्येक भेटीचा अहवाल लिहायचा, मार्गदर्शक सरांसमोर किंवा मॅडमसमोर बसून त्यावर बोलायचं, ग्रामीण शिबिर करायचं, एमएसडब्ल्यूला लघुशोधप्रबंध. हजेरी भरली नाही तर लेखी परीक्षेतले गुण वाचवत नाहीत. नोकरी सांभाळून हे जमेल का, याचा विचार प्रवेशाआधी करा.

प्रवासाचा खर्च धरा. महाविद्यालयाच्या बोनाफाईडवर एसटीचा विद्यार्थी पास मिळतो, आणि १७ मार्च २०२३पासून महिलांना एसटीत निम्मं भाडं आहे. कुठे नेमणूक देणार हेही विचारून घ्या. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर काम करायचं तर पावरी किंवा भिलोरी बोली येणाऱ्या मुलामुलींना मोठं बळ मिळतं. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं कार्ड काय सांगतं, कुपोषित बाळाला पोषण पुनर्वसन केंद्रात का न्यायचं, हे आईला तिच्या बोलीत सांगणारी मुलगी मी पाहिलीय. शहरातून आलेल्या कोणाला ते तसं जमलं नसतं. घरात अहिराणी, पावरी बोलतो याची लाज वाटणाऱ्या विद्यार्थ्यांनो, इथे ती तुमची पात्रता आहे.

ज्यांना रोज महाविद्यालयात जाणं शक्यच नाही त्यांच्यासाठी इग्नूचं बीएसडब्ल्यू आणि एमएसडब्ल्यू आहे. प्रवेश जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांत. फील्डवर्क तिथेही सक्तीचं आहे. दूरस्थ प्रवेशासाठी आता यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पोर्टलवरून विद्यार्थ्याला डीईबी आयडी काढावा लागतो. कोणी एका वर्षात पदवी देतो म्हणालं आणि हा आयडी मागत नसेल, तर पैसे देऊ नका.

पारोळ्याची ती मुलगी आता बीएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिचं फील्डवर्क ऊसतोड कामगारांच्या मुलांसोबत आहे. वैधतेचा अर्ज समितीकडे आहे, आणि पणजोबांच्या उताऱ्याची एक झेरॉक्स तिने स्वतःच्या फाइलमध्ये वेगळी ठेवली आहे.