सुकाणूची भेग आणि आत मुरलेले पाणी

पंचवीस-तीस फुटी शिडाची नौका हंगामाअखेर पाण्याबाहेर काढली, की तिच्या सुकाणूच्या खालच्या कडेतून कधीकधी तांबूस पाणी ठिबकू लागते. नौकेचा तळ वाळून खडखडीत झाला तरी हे ठिबकणे पुढे काही दिवस सुरूच राहते. नीट पाहिले तर पात्याच्या पुढच्या किंवा मागच्या कडेने गेलेली केसाएवढी भेगही सापडते. अशा वेळी भेगेत लांबी (पुट्टी) भरून वरून रंगाचा हात देण्याचा मोह अनेकांना होतो, आणि पुढच्या हंगामात तीच भेग त्याच जागी थोडी वाढून पुन्हा उघडते. येथे भेग हा बहुतेक वेळा मूळ बिघाड नसतो. पाणी आत कुठून शिरले आणि आतल्या पोलादाचे त्याने काय केले, हे कळेपर्यंत दुरुस्तीला हात घालू नये.

फायबरग्लासच्या नौका मोठ्या संख्येने बनू लागल्या, तेव्हापासून लहान नौकांच्या सुकाणूची एक ठरावीक रचना रूढ झाली आहे. स्टेनलेस स्टीलच्या शाफ्टला, म्हणजे पाते फिरवणाऱ्या उभ्या दांड्याला, आडव्या पट्ट्या वेल्ड करतात, साच्यात घडवलेली फायबरग्लासची दोन कवचे त्यांवर दोन्ही बाजूंनी बसवून कडा चिकटवतात आणि मधली पोकळी पॉलियुरेथेन फोमने भरून काढतात. बाहेरून एकसंध दिसणारे हे पाते प्रत्यक्षात तीन वेगळ्या पदार्थांचे असते. कवचातले पॉलिएस्टर रेझिन (काचतंतूंना बांधणारा चिकट पदार्थ) गुळगुळीत पोलादाला फार घट्ट धरत नाही, उन्हात तापल्यावर दोन्ही सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत, आणि नौका चालू असताना शाफ्ट सतत थोडाथोडा लवत असतो. त्यामुळे शाफ्ट पात्याच्या माथ्यातून जिथे बाहेर पडतो, तिथे कालांतराने बारीक फट पडते. पाणी शिरते ते बहुधा इथूनच. कडेची भेग ही त्याची बाहेर पडण्याची वाट असते. थंड देशांत हिवाळ्यात हे पाणी गोठते, गोठताना आकारमानाने सुमारे ९ टक्के वाढते आणि चिकटवलेली कड उकलते. आपल्याकडे बर्फाचा प्रश्न नाही, पण माथ्याची फट आणि फोममध्ये मुरणारे पाणी सगळीकडे सारखेच.

सुकाणूवर येणाऱ्या बलाचा साधा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. पात्याचे क्षेत्रफळ पाव चौरस मीटर आणि नौकेचा वेग सेकंदाला ३ मीटर, म्हणजे जवळजवळ ६ नॉट, धरला आणि सुकाणू जोराने वळवले, तर पात्यावर आडवे बल सुमारे १,१५० न्यूटन येते. म्हणजे ११५-१२० किलोचे ओझे पात्यावर एका बाजूने रेलल्यासारखे होते. हे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून मागून आलेल्या लाटेवर स्वार होऊन नौकेचा वेग क्षणभर दीडपट झाला, तरी ओझे सव्वादोनपट होते. ज्या सुकाणूला खालून कोणताच आधार नसतो, त्याचा शाफ्ट खालच्या बेअरिंगपाशी सर्वाधिक वाकतो, तर पात्याला पीळ देणारे बल आतल्या वेल्डच्या जोडांवर येते. ऑगस्ट १९७९ मधील फास्टनेट या शिडाच्या नौकांच्या शर्यतीत आलेल्या वादळात ज्या नौकांची सुकाणू निकामी झाली, त्यांत तेव्हा नव्याने वापरात आलेल्या कार्बन फायबरच्या शाफ्टची सुकाणूही होती. नव्या पदार्थाचे कौतुक करताना वाकणाऱ्या जागेचा हिशेब चुकून चालत नाही.

पोलादाचे काय होते हा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. स्टेनलेस स्टील गंजत नाही असा त्याचा लौकिक आहे, पण तो लौकिक पृष्ठभागावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या अतिशय पातळ थरावर अवलंबून असतो. हा थर ओरखडला गेला तर ऑक्सिजनच्या संपर्कात तो स्वतःच पुन्हा तयार होतो. सुकाणूच्या आत मात्र फोम आणि पोलाद यांच्या मधल्या अरुंद जागेत खारे पाणी साचून राहते, त्यातला ऑक्सिजन संपतो आणि नवा पोहोचत नाही. मग थराची डागडुजी थांबते, क्लोराइड आयन त्या फटीत गोळा होतात, तिथले पाणी आम्लधर्मी होत जाते आणि धातू खोल खड्ड्यांच्या रूपात खाल्ला जातो. वेल्डिंगच्या उष्णतेने ज्या पट्ट्यातील क्रोमियमची मांडणी बिघडलेली असते, तिथे हे आधी घडते. ३१६ प्रतीच्या पोलादात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असल्याने ते ३०४ पेक्षा अधिक तग धरते, पण अशा कोंडलेल्या पाण्यात तेही सुरक्षित नसते. बाहेरचा शाफ्ट आरशासारखा चकाकत असताना आतली पट्टी कागदासारखी झालेली असू शकते, आणि ठिबकणाऱ्या पाण्याच्या तांबूस रंगावरून हीच शंका घ्यायला हवी.

निदानाची सुरुवात मात्र पात्यापासून करू नये. नौका वळत नाही याचा अर्थ पाते निकामी झाले असा होत नाही. दोर, कप्प्या, दांडा आणि बेअरिंग यांची साखळी मध्ये असते. गोव्यातील दिवाडी येथे बांधलेली भारतीय नौदलाची ‘तारिणी’ २०१८ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून परतताना सुकाणूयंत्रणेतील बिघाडामुळेच मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात थांबली होती. म्हणून आधी पात्याचे टोक धरून ते मागेपुढे आणि डावीउजवीकडे हलवून बेअरिंगमधला ढिलेपणा पाहावा. मग एकाने पाते दोन्ही हातांनी घट्ट धरावे आणि दुसऱ्याने सुकाणूचा दांडा हलका दाबावा. पाते स्थिर राहून शाफ्ट किंचितही फिरला, तर आतल्या पट्ट्या शाफ्टपासून सुटल्या आहेत, आणि अशी नौका पाण्यात उतरवणे धोक्याचे आहे.

त्यानंतर प्लॅस्टिकच्या हातोडीने पात्यावर बोट-बोट अंतराने ठोकत जावे. माठ घेताना आपण टिचकी मारून पाहतो तसेच हे आहे: खणखणीत आवाज आला तर कवच फोमला धरून आहे, बद्द आवाज आला तर तिथे कवच सुटले आहे किंवा फोम भिजला आहे. अशा जागांभोवती खडूने रेघ मारली की आजाराचा नकाशाच डोळ्यांसमोर येतो. ओलावा मोजणाऱ्या यंत्रावर मात्र फार विसंबू नये, कारण आतले पोलाद आणि पृष्ठभागावरचे मीठ या दोन्हींमुळे ते फसते. शंकेच्या जागी, पोलाद चुकवून, तळाशी ५ मिलिमीटरचे छिद्र पाडले तर ते जास्त खरे बोलते. उरली ती भेग. तिच्यावरचा जेलकोट, म्हणजे कवचाचा सर्वांत वरचा गुळगुळीत थर, थोडा घासून काढावा. भेग जेलकोटबरोबर नाहीशी झाली तर ती केवळ वरवरची, आणि खालच्या काचतंतूंत दिसत राहिली तर ती रचनेची.

रचनेची भेग असेल तर एका बाजूचे कवच कापून उघडण्याला पर्याय नाही. भिजलेला फोम खरवडून काढून पोलाद उघडे करावे आणि वेल्डच्या जोडांवर रंगद्रव्य पसरवून सूक्ष्म तडे शोधावेत. शाफ्टवरच खड्डे पडले असतील तर दुरुस्तीच्या भानगडीत न पडता तो बदलावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कवच पुन्हा बसवताना जोडाच्या दोन्ही कडा जाडीच्या बारापट रुंदीपर्यंत उतरत्या घासाव्यात. कवच ४ मिलिमीटर जाड असेल तर हा उतार सुमारे ५ सेंटिमीटरचा होतो आणि बल एका रेषेवर न पडता पसरत जाते. काचेच्या कापडाचे धागे शाफ्टशी ४५ अंशांत ठेवले की ते पीळ सहन करतात, लांबीच्या दिशेने ठेवले की वाकणे. दोन्ही थर लागतात.

जुन्या पॉलिएस्टरवर नवे पॉलिएस्टर नीट धरत नाही, म्हणून येथे इपॉक्सी, म्हणजे हार्डनर (घट्ट करणारा घटक) मिसळून वापरायचे रेझिन, वापरावे. ते घट्ट होताना उष्णता बाहेर टाकते आणि भांड्यात एकदम जास्त कालवले तर धूर येईपर्यंत तापते, त्यामुळे थोडेथोडेच कालवावे. कोकणातल्या पावसाळी हवेत आणखी एक अडचण येते. हार्डनरमधील अमाइन या रसायनाची हवेतील बाष्प आणि कार्बन डायऑक्साइडशी अभिक्रिया होऊन पृष्ठभागावर मेणचट साय धरते, आणि तिच्यावर दिलेला पुढचा थर पापुद्र्यासारखा निघतो. ही साय साध्या पाण्याने धुतली जाते. ती न धुता नुसती घासली तर घासायचा कागद भरून जातो आणि मेणचटपणा सगळीकडे पसरतो.

शेवटी माथ्याची फट. तिथे शाफ्टभोवती छोटी खाच कोरून तीत ताठर इपॉक्सीऐवजी लवचीक पॉलियुरेथेन सीलंट भरतात, म्हणजे शाफ्ट लवला तरी जोड तुटत नाही. हे सीलंट कायमचे नसते, दर काही वर्षांनी खरवडून नवे भरावे लागते. तळाला पाडलेले छिद्रही बुजवून टाकण्याऐवजी त्यात आटे पाडून स्क्रू बसवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. नौका बाहेर काढल्यावर तो सोडला की पाणी किती शिरले आणि त्याचा रंग कोणता, हे कवच न कापता कळते.