हळदीचा डाग आणि वावरातला अमोनिया

लग्नाची हळद उरकली की आमची मामी दरवेळी बजावायची, "त्या दुपट्ट्याले साबन नको लावू बाई, लाल होते." साबण अल्कधर्मी असतो. त्याच्याशी गाठ पडली की हळदीतल्या कर्क्युमिन या पिवळ्या रंगद्रव्याच्या रेणूची ठेवण बदलते, तो वेगळ्या रंगाचा उजेड शोषू लागतो आणि पिवळा डाग तांबडा दिसतो. हळदीला चुना लावून कुंकू करतात, तेही असंच. हवेतला वायू हुंगणारे काडेपेटीएवढे काही प्रकाशीय सेन्सर याच गुणावर चालतात.

घरी करून पाहा. टिपकागदाची पट्टी हळदीच्या पाण्यात बुडवा आणि ओलसर असतानाच दोन-तीन दिवसांच्या शिळ्या गोमूत्राच्या बरणीत वरच्या वर टांगून झाकण लावा. पट्टी द्रवाला शिवत नाही, तरी हळूहळू तांबूस होते. गोमूत्रातल्या युरियापासून जिवाणूंनी अमोनिया तयार केलेला असतो. तो उडतो आणि पट्टीतल्या पाण्यात विरघळतो. आता पट्टी मोकळ्या हवेत धरा. अमोनिया निघून जातो, पिवळेपणा परत येतो. मला हे परतणंच सगळ्यात मोलाचं वाटतं. रंग मागे फिरला तरच तीच पट्टी उद्याही मोजू शकेल. ओझोन शोधणाऱ्या श्योनबाइन यांनी एकोणिसाव्या शतकात स्टार्च आणि पोटॅशियम आयोडाइडचा कागद वापरला होता. तो ओझोननं निळा व्हायचा, पण एकदाच, आणि हवेतल्या दमटपणानं त्याचा रंग फसवायचा.

सेन्सरमध्ये कागदाऐवजी पारदर्शक पॉलिमरमध्ये अडकवलेला रंगद्रव्याचा पातळ थर असतो. एका बाजूला एलईडी, दुसऱ्या बाजूला उजेड मोजणारा फोटोडायोड. आपल्या डोळ्याला कळणारही नाही इतका उजेड कमी झाला तरी फोटोडायोडला तो कळतो, आणि तसं कळावंच लागतं. अमोनियासाठी आपल्याकडची २००९ची मर्यादा चोवीस तासांच्या सरासरीला घनमीटरमागे ४०० मायक्रोग्रॅम, म्हणजे अब्जात सुमारे ५७५ भाग. ज्वारीच्या हिशेबात सांगायचं तर ३०० क्विंटलच्या राशीत मूठभरही नाहीत इतके दाणे. नाकाला वास येईपर्यंत बहुधा हा आकडा कितीतरी मागे पडलेला असतो.

खरी कसोटी विदर्भाच्या हवेची. मे महिन्यात ४५ अंशांच्या वर पारा, श्रावणात भिंतींना ओल. ऊन आणि दमटपणा दोन्ही रंगद्रव्याला हलवतात. म्हणून थरावर टेफ्लॉनचा सच्छिद्र पापुद्रा लावतात. त्यातून वायू आत जातो, पाण्याचा थेंब जात नाही. शिवाय दुसऱ्या रंगाचा एक एलईडी ठेवतात. त्या रंगावर अमोनियाचा परिणाम नसतो, त्यामुळे तो उजेड कमी झाला तर दोष धुळीचा किंवा म्हाताऱ्या होत चाललेल्या दिव्याचा, हे ओळखता येतं. हे सगळं करूनही गावात लावण्याआधी सेन्सर काही आठवडे मोठ्या मापन केंद्राशेजारी ठेवून ताडून पाहिलाच पाहिजे. त्यावाचून त्याच्या आकड्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राच्या धुरातले सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडंही उजेडानं मोजता येतात. नायट्रोजन डायऑक्साइडला तर रंगद्रव्यही लागत नाही, तो स्वतःच तपकिरी आहे. पण हवा मोजणारी मोठी केंद्रं बहुतेक शहरांत. वावरात काय उडतंय ते कोण मोजतं?

आणि वावरात उडतो तो पैसा. कपाशीला युरिया वरून फेकला आणि पाऊस आला नाही, तर मातीतलं युरिएज विकर त्याचा अमोनिया करतं आणि तो वाऱ्यावर जातो. ४५ किलोच्या पोत्यात ४६ टक्के नायट्रोजन, म्हणजे जेमतेम २१ किलो. त्यातलाच वाटा हा. वावराच्या एका पट्टीत खत मातीआड करावं, दुसरीत तसंच फेकावं, दोन्हींत कापसाच्या उंचीला एकेक सेन्सर आठवडाभर उभा ठेवावा. धुऱ्यावर बसून दोन आकडे शेजारी शेजारी वाचता आले, की खत झाकायला लागणारी मजुरी द्यायची की नाही, हे त्या वावराचा मालकच ठरवेल.