सूर्यवंशींचं घड्याळ

उद्या सहाला उठायचंय म्हणून माणूस दहालाच दिवा मालवून आडवा होतो आणि एक-दीड वाजेपर्यंत या कुशीवरून त्या कुशीवर वळत राहतो. घरचे सांगतात, "मोबाइल ठेव बाजूला, डोळे मीट, येईल झोप." मोबाइल केव्हाच बाजूला ठेवलेला असतो. झोप येत नाही, कारण त्याच्या शरीराच्या हिशेबी अजून संध्याकाळ चालू असते.

झोपेच्या नेहमीच्या वेळेआधीच्या दोन-तीन तासांत झोप लागणं सर्वांत कठीण असतं. दिवसभर साठलेला शीण आपल्याला झोपेकडे ओढत असतो आणि त्याच्या विरोधात मेंदूतलं घड्याळ संध्याकाळी जागेपणाचा जोर वाढवतं. पेरेट्झ लावी या इस्रायली संशोधकांनी १९८६ मध्ये या पट्ट्याला झोपेचं 'निषिद्ध क्षेत्र' म्हटलं. दहाला झोपणाऱ्याचा हा पट्टा नऊच्या आतबाहेर संपतो. दीडला झोपणाऱ्याच्या बाबतीत तो साडेदहा-अकरालाच ऐन भरात असतो, आणि नेमकं तेव्हाच आपण त्याला "झोप आता" म्हणून सांगत असतो.

हे घड्याळ म्हणजे डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या अगदी वर असलेला सुमारे २०,००० चेतापेशींचा पुंजका. त्याची स्वतःची फेरी बरोबर चोवीस तासांची नसते. चार्ल्स चाइस्लर आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मोजली तेव्हा ती सरासरी २४ तास ११ मिनिटांची भरली. काहींची फेरी याहूनही लांब असते आणि अशांची झोप उशिरावर सरकत जाण्याकडे कल असतो. यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. 'क्राय-१' जनुकातल्या एका बदलामुळे काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या झोप उशिरा लागते, हे २०१७ मध्ये दिसून आलं. पुढे २०१९ मध्ये जवळपास सात लाख लोकांच्या माहितीतून झोपेच्या वेळेशी निगडित ३५१ जनुकीय जागा सापडल्या. वयाचाही हात असतो: किशोरवयात घड्याळ मागे सरकत जातं, विशीच्या आसपास सर्वांत उशिरावर पोचतं आणि मग हळूहळू पुढे येऊ लागतं.

मला खटकतं ते असं, की दहा ते सहा झोपणारा शिस्तीचा आणि दोन ते दहा झोपणारा ऐदी ठरतो. झोप दोघांचीही आठच तास! टांझानियातल्या हाड्झा या शिकारी-संकलक लोकांचा २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मला म्हणूनच फार मोलाचा वाटतो. तेहतीस प्रौढांच्या झोपेची सुमारे वीस दिवस नोंद ठेवली, तेव्हा सगळेच्या सगळे एकाच वेळी झोपलेत अशी वेळ एकूण जेमतेम १८ मिनिटं आली. संशोधकांचा तर्क असा, की कुणी लवकर निजणारं, कुणी उशिरा, यामुळे टोळीत कुणी ना कुणी जागं राहायचं आणि पहारा आपोआप व्हायचा.

आता पहाऱ्याची गरज उरलेली नाही, पण घड्याळं तशीच आहेत. एखादी सूर्यवंशी मुलगी सुट्टीच्या दिवशी दोन ते दहा झोपते, तेव्हा तिच्या झोपेचा मध्य सकाळी सहाला येतो. कामाच्या दिवशी दीडला झोप लागते आणि सहाला गजर होतो, म्हणजे मध्य पावणेचारला. हा सव्वादोन तासांचा फरक म्हणजे दर आठवड्याला दोन कालविभाग ओलांडून जाणं आणि परत येणं. टिल रोनेबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये याला 'सामाजिक जेटलॅग' हे नाव दिलं. गजर कापून टाकतो ते शेवटचे तास, आणि स्वप्नांची झोप प्रामुख्याने तिथेच असते. दिवसभर डोकं जड राहतं, चिडचिड होते, त्यावर चहा-कॉफीचा मारा होतो आणि संध्याकाळची कॉफी रात्रीची झोप आणखी लांबवते.

घड्याळ थोडंफार हलवता येतं, आणि ते हलतं मुख्यतः उजेडाने. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत संशोधक केनेथ राइट यांनी आठ जणांना आठवडाभर तंबूत ठेवलं. विजेचे दिवे नाहीत, मोबाइल नाही. रात्र झाल्याची खूण शरीराला देणारं मेलाटोनिन हे संप्रेरक त्यांच्यात सरासरी जवळजवळ दोन तास आधी वाढू लागलं आणि उशिरा झोपणाऱ्यांची घड्याळं सर्वांत जास्त पुढे आली. म्हणून रात्रीचे दिवे मंद करणं आणि उठल्या उठल्या उघड्यावर उजेडात जाणं, हे खरंच उपयोगी पडतं.

मात्र वेळ चुकली तर तोच उजेड उलटा लागू पडतो. शरीराचं तापमान उठण्याच्या नैसर्गिक वेळेच्या साधारण दोन-तीन तास आधी सर्वांत खाली असतं. त्यानंतरचा उजेड घड्याळ पुढे आणतो, त्याआधीचा आणखी मागे ढकलतो. ज्याला दहाला आपोआप जाग येते, त्याचा हा नीचांक साडेसातच्या आसपास येतो. अशा माणसाने निश्चय करून पहाटे साडेपाचलाच प्रखर उजेडात बसायला सुरुवात केली, तर त्याची झोप आणखी उशिरावर जाऊ शकते. त्याने आधी साडेनऊला उठून उजेडात जावं, ते अंगवळणी पडलं की नऊला, आणि सुट्टीच्या दिवशीही तीच वेळ पाळावी.