मैत्रीतले न दिसणारे दिसू लागते तेव्हा

अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या रॉबर्ट क्राउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने इंटरनेटविषयी मोठी धास्ती निर्माण केली होती. पिट्सबर्ग परिसरातील ७३ कुटुंबांना संगणक आणि इंटरनेट जोडणी देऊन पुढच्या एक-दोन वर्षांत त्यांच्यात काय बदल होतात याची त्यांनी नोंद ठेवली. ज्यांनी इंटरनेट अधिक वापरले त्यांचा घरच्यांशी संवाद काहीसा घटला होता, परिचितांचे वर्तुळ आकसले होते आणि एकटेपणा वाढला होता. या निष्कर्षाची जेवढी चर्चा झाली, तेवढी याच संशोधकांच्या २००२ मधील लेखाची झाली नाही. त्या लोकांची पुन्हा पाहणी केली असता बहुतेक दुष्परिणाम ओसरलेले आढळले, आणि नव्याने निवडलेल्या गटातील माणसांत रमणाऱ्या व्यक्तींना तर इंटरनेटचा फायदाच झालेला दिसला.

दरम्यान पलीकडच्या टोकाला असणारी माणसे बदलली होती, हे यामागचे एक पटण्याजोगे कारण आहे. सुरुवातीच्या काळात ओळखीचे फारच थोडे लोक इंटरनेटवर असल्याने गप्पा बहुधा अनोळखी व्यक्तींशी होत. पुढे वर्गातली मुलेच तिथे भेटू लागली. हा फरक किती निर्णायक आहे, ते ॲमस्टरडॅम विद्यापीठातील पॅटी वाल्कनबर्ग आणि योखेन पीटर यांनी २००७ मध्ये मांडले. १० ते १६ वर्षे वयाच्या मुलांपैकी जी मुख्यतः आधीच्याच मित्रमैत्रिणींशी ऑनलाइन बोलत, त्यांना त्या मैत्रीत अधिक जवळीक वाटत होती. अनोळखी लोकांशी बोलणाऱ्यांमध्ये असा संबंध आढळला नाही. लाजाळू मुले ऑनलाइन कमी बोलतात, पण मनातले सांगायला हे माध्यम त्यांना अधिक सोयीचे वाटते, असेही या अभ्यासात दिसले. तेव्हा फोनमुळे मैत्री संपते, ही सरसकट तक्रार पुराव्यावर टिकत नाही. माझ्या मते खरा बदल वेगळा आहे: मैत्रीतल्या ज्या गोष्टी पूर्वी झाकलेल्या राहत, त्या फोनने उघड्यावर आणल्या.

पत्राला किंवा निरोपाला उत्तर आले नाही, तर तो पोहोचलाच नसेल असे मानण्याची सोय पूर्वी होती. व्हॉट्सॲपने नोव्हेंबर २०१४ मध्ये निळ्या खुणा आणल्या आणि ही सोय संपली. (खरे तर त्या खुणा संदेश उघडला गेला एवढेच सांगतात, तो वाचताना समोरचा रस्ता ओलांडत होता की रडत होता, हे त्यांना ठाऊक नसते.) त्या बंद करता येतात, मात्र तसे केल्यास आपल्यालाही इतरांच्या दिसत नाहीत, आणि त्या बंद ठेवणे हाच एक संदेश ठरू शकतो. न बोलावलेल्या सहलीची छायाचित्रे त्याच संध्याकाळी पाहावी लागणे हाही याच बदलाचा भाग आहे. डावलले जाणे नवे नाही. त्याचा पुरावा हातात, तोही तत्काळ मिळणे नवे आहे.

हा पुरावा किती बोचतो याची कल्पना मानसशास्त्रज्ञ किपलिंग विल्यम्स यांच्या 'सायबरबॉल' या प्रयोगातून येते. त्यात सहभागी व्यक्ती संगणकाच्या पडद्यावर आणखी दोघांबरोबर चेंडू फेकण्याचा खेळ खेळते, आणि थोड्याच वेळात ते दोघे तिच्याकडे चेंडू टाकणे थांबवतात. दुसरे खेळाडू माणसे नसून संगणकच आहे असे आधी सांगितले, तरी माणसांचा हिरमोड होतो. लंडनमधील संशोधकांनी २०१० मध्ये हाच खेळ किशोरवयीन मुली आणि प्रौढ स्त्रियांना खेळायला दिला, तेव्हा वगळले गेल्यावर मुलींची मनःस्थिती अधिक खालावली. किशोरवयात समवयस्कांचे मत मेंदूसाठी फार वजनदार असते. २०१६ मध्ये लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात १३ ते १८ वर्षांच्या ३२ मुलामुलींच्या मेंदूचे चित्रण करण्यात आले. आपल्या छायाचित्राला भरपूर 'लाइक' मिळालेले दिसताच त्यांच्या मेंदूतील बक्षिसाच्या जाणिवेशी संबंधित भाग अधिक सक्रिय होत होता.

अतिजवळीकही नेहमी हितकारक नसते. मिसुरी विद्यापीठातील अमांडा रोज यांनी २००२ मध्ये मैत्रीतील एका सवयीकडे लक्ष वेधले. दोघी मैत्रिणी एकच दुखणे पुन्हा पुन्हा उगाळत राहिल्या, की त्यांची मैत्री घट्ट होते आणि त्याच वेळी नैराश्याची लक्षणेही वाढलेली दिसतात. हा अभ्यास फोनविषयी नव्हता. पण पूर्वी घरी जाण्याची वेळ झाली की असे बोलणे आपोआप थांबत असे, आता ते अंथरुणातही चालू राहू शकते, हे लक्षात घेता त्याचे महत्त्व वाढले आहे, असे मला वाटते.

बोलणे कोणत्या रूपात होते, यावरही बरेच अवलंबून असते. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या २०१२ मधील एका प्रयोगात लहान मुलींना परक्या माणसांसमोर भाषण करण्याचा आणि गणिते सोडवण्याचा ताण देण्यात आला. नंतर ज्यांना आईचा प्रत्यक्ष सहवास मिळाला किंवा फोनवर तिचा आवाज ऐकू आला, त्यांच्या शरीरात ऑक्सिटोसिन हे आपुलकीशी निगडित संप्रेरक वाढले आणि ताणाशी संबंधित कॉर्टिसॉल उतरले. ज्यांना आईचे केवळ लिखित संदेश मिळाले, त्यांच्या बाबतीत हा परिणाम दिसला नाही. आई आणि मैत्रीण यांत अंतर आहेच. परंतु महाविद्यालयीन वयाच्या मैत्रिणींच्या जोड्यांवरील एका अभ्यासातही प्रत्यक्ष भेटीत जवळीक सर्वाधिक जाणवली, त्याखालोखाल व्हिडिओ आणि आवाजी संवादात, तर लिखित संदेशांत ती सर्वांत कमी होती.

मग दिवसाला किती वेळ फोन योग्य, या पालकांच्या प्रश्नाचे एकच उत्तर का मिळत नाही? ॲमस्टरडॅमच्याच गटाने २०२० मध्ये ६३ किशोरवयीनांना आठवडाभर दिवसातून ६ वेळा त्यांच्या मनःस्थितीविषयी विचारले. समाजमाध्यमांवर इतरांनी टाकलेल्या नोंदी नुसत्या पाहत राहिल्यानंतर ४६ टक्के मुलांना अधिक बरे वाटत होते, ४४ टक्क्यांना काहीच फरक पडत नव्हता आणि १० टक्क्यांना वाईट वाटत होते. सर्वांची सरासरी काढताच ही शेवटची दहा टक्के मुले आकड्यातून दिसेनाशी होतात, आणि काळजी करायची ती नेमकी त्यांचीच.