भरलेल्या पिकअपचे ॲव्हरेज

मालवाहू पिकअप पासिंगइतका, म्हणजे आरटीओने मंजूर केलेल्या वजनाइतका, माल घेऊन, किंवा मागे अवजड यंत्र जोडून ओढत असताना, एका लिटर डिझेलमध्ये जेवढे अंतर जाते त्याला भरलेल्या गाडीचे ॲव्हरेज म्हणतात. रिकाम्या गाडीपेक्षा ते नेहमी कमीच येते. मात्र फेरी परवडली की नाही हे एवढ्यावरून कळत नाही. किती वजन किती अंतर नेले, म्हणजे टन-किलोमीटर, हा हिशेब सोबत मांडावा लागतो. तो क्वचितच मांडला जातो आणि वाया जाणाऱ्या डिझेलचा मोठा भाग त्यातच दडलेला असतो.

पुणे परिसरात मागे उघडा हौदा असलेल्या लहान चारचाकी मालगाडीला सरसकट पिकअप म्हणतात. महिंद्राची बोलेरो पिकअप, टाटाची योद्धा, अशोक लेलँडची दोस्त या नेहमी दिसणाऱ्या गाड्या. त्यांच्याहून लहान टाटा एस २००५ मध्ये आली. दोन सिलिंडरचे, सुमारे ७०० सीसीचे इंजिन आणि पाऊण टन माल, म्हणून लोकांनी तिचे नाव ‘छोटा हत्ती’ ठेवले. टेम्पो हा शब्द मात्र त्याहून जुना. न. के. फिरोदिया यांनी १९५८ मध्ये जर्मनीच्या टेम्पो कंपनीच्या सहकार्याने बजाज टेम्पो सुरू केली. आकुर्डीच्या या कंपनीचे नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स झाले, पण कुठल्याही कंपनीची मालगाडी पुण्यात आजही टेम्पोच असते. ‘पिकअप’ला बोलीत दुसराही अर्थ आहे. चढावर ॲक्सिलरेटर दाबूनही गाडी उठत नसेल, तर ड्रायव्हर म्हणतो, “गाडीला पिकअपच नाही.” भरलेल्या गाडीच्या संदर्भात हे दोन्ही अर्थ एकत्र येतात.

डिझेल कुठे जाते

सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने चालणाऱ्या गाडीला दोन विरोध सोसावे लागतात. टायर रस्त्यावर दबत दबत फिरतो, त्याचा विरोध वजनाच्या प्रमाणात वाढतो. हवेचा विरोध मात्र वजनावर नव्हे, तर गाडीच्या समोरच्या आकारावर आणि वेगाच्या वर्गावर (वेग गुणिले वेग) अवलंबून असतो. वेग ६० वरून ८० वर नेला की हवेचा विरोध जवळजवळ पावणेदोन पट होतो. हौद्यात दीड टन सिमेंट भरले तर गाडीचा आकार फारसा बदलत नाही, पण रिकाम्या थर्माकोलच्या पेट्या केबिनच्या वर चार फूट रचल्या तर वजन नगण्य असूनही हायवेवर ॲव्हरेज उतरते. सैल बांधलेली, वाऱ्याने फुगून फडफडणारी ताडपत्रीही हेच करते.

डिझेल इंजिनाचा एक गुण इथे उपयोगी पडतो. इंजिन स्वतः फिरत राहण्यासाठी, म्हणजे घर्षण, पंप, पंखा यांवर, जे इंधन खर्च करते ते गाडी रिकामी असली तरी जवळपास तेवढेच असते. भार वाढला की त्या ठरलेल्या खर्चाचा वाटा कमी होतो आणि इंजिन जास्त कार्यक्षमतेने चालते. म्हणून गाडीचे एकूण वजन दुप्पट झाले तरी सपाट, मोकळ्या रस्त्यावर ॲव्हरेज निम्मे होत नाही.

खरा फटका शहरात आणि घाटात बसतो. प्रत्येक सिग्नलला थांबलेले वजन पुन्हा हलवायचे असते, आणि त्यासाठी लागलेली ऊर्जा पुढच्या ब्रेकला उष्णता होऊन निघून जाते. कात्रज चौकासारख्या कोंडीत भरलेली गाडी हाफ क्लचवर पुढे सरकवत राहिली तर डिझेलसोबत क्लच प्लेटही जळते. त्या जळक्या वासाला ड्रायव्हर पटकन ओळखतात.

घाटाचा हिशेब

घाटात वजन वर उचलावे लागते आणि त्याचा हिशेब कागदावर मांडता येतो. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते. त्यातली साधारण ३० टक्के चाकांपर्यंत पोहोचते असे धरू, म्हणजे जवळपास ११ मेगाज्यूल. खोपोलीहून लोणावळ्याला येताना बोरघाटात सुमारे साडेपाचशे मीटर चढावे लागते. गाडीचे स्वतःचे वजन १.७ टन आणि माल १.५ टन धरला, तर केवळ एवढी उंची गाठायला सुमारे १.६ लिटर डिझेल लागते. त्यातले पाऊण लिटर निव्वळ मालाचे. टायर आणि हवा यांचा खर्च त्यावर वेगळा. त्यामुळे घाटाच्या त्या टप्प्यापुरते ॲव्हरेज लिटरला सात किलोमीटरच्या आसपास आले, तर गाडीत बिघाड आहे असे समजण्याचे कारण नाही.

पुण्याभोवतीचे घाट मालाच्या दिशेशी कसे जुळतात हेही पाहण्यासारखे आहे. सासवड पठारावर आहे आणि पुणे खाली. त्यामुळे पुरंदरचे अंजीर, सीताफळ, वाटाणा घेऊन पुण्याच्या घाऊक बाजाराकडे, मार्केट यार्डाकडे, निघालेली गाडी दिवे घाट भरलेली उतरते आणि परत जाताना रिकामी चढते. डिझेलच्या दृष्टीने यासारखी सोय नाही. पुणे-सातारा रस्त्यावरच्या खंबाटकी घाटाला जाण्या-येण्याच्या वाटाच वेगळ्या आहेत. जुन्या रस्त्याने साताऱ्याकडे जाणारी गाडी घाट चढते, पुण्याकडे येणारी बोगद्यातून येते. म्हणून त्या रस्त्यावरच्या जाण्याच्या आणि येण्याच्या ॲव्हरेजची थेट तुलना करू नये.

चढावर गिअर वेळेवर उतरवणे हे खरे कसब. इंजिन कण्हू लागेपर्यंत वरचा गिअर धरून ठेवला की सायलेन्सरमधून काळा धूर येतो. तो काळा धूर म्हणजे पैसे देऊन घेतलेले आणि पुरते न जळलेले डिझेल.

उतारावरची एक समजूत मात्र जिवावर बेतणारी आहे. नवीन कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे येणाऱ्या लांब उतारावर डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करण्याची सवय आढळते. त्या उतारावर मालगाड्यांचे ब्रेक निकामी होऊन कितीतरी अपघात झाले आहेत, माणसे गेली आहेत. आणि यात वाचत काहीच नाही. गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की आजच्या इंजिनात इंधन पुरवठा बंद होतो, चाकेच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला डिझेल लागते, आणि इंजिन ब्रेकचा आधार सुटल्याने सगळा भार ब्रेक लायनरवर येतो. हे प्रत्येक नव्या ड्रायव्हरला गाडीची किल्ली देण्याआधी सांगितले पाहिजे.

मागे जोडून ओढणे

अमेरिकेत पिकअप म्हटले की मागे जोडलेला ट्रेलर डोळ्यांसमोर येतो. तिथे मागे मोठा, उंच कॅराव्हान, म्हणजे ओढून न्यायचे चाकांवरचे घर, लावला की हायवेवरचे ॲव्हरेज निम्म्यावर येणे नेहमीचे मानतात, आणि त्याला वजनापेक्षा कॅराव्हानच्या उभ्या भिंतीवर अडणारी हवा जास्त जबाबदार असते. गाडी किती ओढू शकते हे ठरवण्यासाठी तिथे एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेचे जे-२८०७ हे मानक आहे. त्यात ॲरिझोनातला डेव्हिस डॅमचा सुमारे १८ किलोमीटरचा चढ कडक उन्हात, एसी पूर्ण चालू ठेवून, ठरावीक किमान वेगाने चढावा लागतो.

पुण्यात पिकअपमागे ट्रेलर सहसा नसतो. दिसतात ते स्लॅबच्या दिवशी साइटवर निघालेले काँक्रीट मिक्सर, डांबराचे बॉयलर आणि जनरेटर. ही यंत्रे बुटकी असल्याने आणि वेग कमी असल्याने हवेचा प्रश्न येत नाही. त्यांची चाके मात्र अनेकदा कमी हवेची, बेअरिंगला ग्रीस नसलेली असतात आणि गाडी अख्खा रस्ता त्यांच्याशी झगडत राहते.

मोजणी आणि फेरीचा हिशेब

वेताळ टेकडीवरच्या, १९६६ मध्ये स्थापन झालेल्या एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) या संस्थेत गाड्यांच्या चाचण्या होतात. लहान मालगाड्यांची इंधन चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर, ठरवून दिलेल्या वेगाच्या चक्राने घेतली जाते. तेव्हा गाडीवर पूर्ण पासिंगचे वजन धरलेले नसते. त्यामुळे कंपनीच्या कागदावरचा आकडा आणि बाजारातून आलेल्या गाडीचा आकडा जुळणार नाही, आणि यात कोणी फसवले असे होत नाही. आपल्या गाडीचा आकडा आपणच काढावा. एकाच पंपावर नोझल पहिल्यांदा कट होईपर्यंत टाकी भरायची, किलोमीटर लिहायचे, पुढच्या वेळी तसेच करायचे. मात्र वहीत तिसरा रकाना हवा, तो काट्यावरच्या वजनाचा.

समजा, नारायणगावहून मार्केट यार्डात २० किलोचे ७५ क्रेट टोमॅटो, म्हणजे दीड टन माल आणला. अंतर सुमारे ८० किलोमीटर. भरलेली गाडी लिटरला ११ किलोमीटर देते, परतताना रिकामी १५. दोन्ही मिळून १२.६ लिटर लागले. एक टन माल एक किलोमीटर न्यायला १०५ मिलिलिटर. आता ‘लोड नको, ॲव्हरेज पडते’ म्हणून तोच माल दोन फेऱ्यांत आणला. अर्ध्या भाराने गाडी १३ देईल, वहीत आकडा चांगला दिसेल, पण एकूण डिझेल जाईल २३ लिटर. टन-किलोमीटरमागे १९० मिलिलिटर. याउलट पहिल्याच फेरीत परतताना टनभर खत किंवा पेंड मिळाली आणि गाडीने १२ दिले, तर हाच खर्च ७० मिलिलिटरवर येतो.

याचा अर्थ पासिंगपेक्षा जास्त भरावे असा नाही. पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, उलटे होईस्तोवर माल भरला की टायर तापतात, ब्रेक पुरत नाहीत, आणि २०१९ च्या कायदेदुरुस्तीनंतर दंड २०,००० रुपये व वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये असा आहे. एका दंडात दोनशेहून जास्त लिटर डिझेलचे पैसे जातात. माल भरतानाही तो हौद्याच्या मागच्या फाळक्याकडे न लोटता मागच्या ॲक्सलच्या थोडा पुढे बसवावा, नाहीतर पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग धड ऐकत नाही. टायरमधली हवा भरलेल्या गाडीसाठी कंपनीने दिलेल्या आकड्याइतकी ठेवावी, आणि ती निघण्याआधी, टायर गार असताना तपासावी.

सकाळी मार्केट यार्डातून नारायणगावच्या रस्त्याला लागणाऱ्या पिकअपकडे पाहिले की त्या भरलेल्या वाटतात. हौद्यात केबिनच्या वरपर्यंत रचलेले, दोरीने आवळलेले ते रिकामे क्रेट असतात. वजन जेमतेम दीडशे किलो, वारा मात्र पूर्ण उंचीचा. हे क्रेट एकात एक बसणारे असतील तर तेवढेच क्रेट केबिनच्या उंचीखाली मावतात आणि पुढे पोत्यांना जागा उरते.